स्टुलावरची बाग

गेल्या वसंतात माझ्या गॅलरीत २२ कुंड्या होत्या. वसंत सरायच्या आत त्यातल्या १९ रिकाम्या झाल्या. या वर्षी मुळात नऊच ठेवल्या. नऊच्या नऊ जगल्या असं नाही, पण ते पुढे येईलच.

गॅलरी आहे सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. दार उघडायला लागणारी जागा वजा केली तर उरते एका पलंगाएवढी. ही झाली जागेची अडचण, आणि तिच्याबद्दल सगळेच बोलतात. माझी खरी अडचण दुसरी आहे. दोन वर्षांपूर्वी एका साध्याच वाटलेल्या तापातून उठले, ती अजून पुरती उठलेलीच नाही. दिसायला धडधाकट आहे, चालते-बोलते, पण अंगातली ताकद म्हणजे जुन्या मोबाइलची बॅटरी: रात्रभर चार्ज करा, सकाळी साठ टक्के. त्यातही गंमत अशी की जास्त काम केलं तर थकवा त्याच दिवशी येत नाही. त्या दिवशी छान वाटतं. तो येतो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी, आणि येतो तो वसुलीला आल्यासारखा.

गेल्या वर्षी हे मला नीट कळलं नव्हतं. थंडी ओसरली, हवेत ऊब आली, एक रविवार फार बरा गेला. मी म्हटलं, आजच. मातीच्या पिशव्या ओढल्या, कुंड्या धुतल्या, भरल्या, बिया पेरल्या, पाणी घातलं, वर फरशीही पुसली. पाच तास. संध्याकाळी गॅलरीच्या दारात उभी राहून मी स्वतःवरच खूश होते. मंगळवारी सकाळी अंथरुणातून उठवेना, आणि पुढचे चार दिवस मी काचेच्या दारातून त्या कुंड्यांकडे नुसती बघत होते. मेथी उगवलेली दिसत होती. नंतर ती मान टाकताना दिसत होती. नंतर काही दिसत नव्हतं.

या वर्षी म्हणून बिया आणण्याआधी वही आणली. थंडीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत रोज दोनच गोष्टी लिहिल्या: आज किती मिनिटं उभ्याने काम केलं, आणि उद्या, परवा कसं वाटलं. चांगल्या दिवशी ४० मिनिटं निघत होती. बऱ्या दिवशी वीसेक. आणि सगळ्यात वाईट दिवशी सात. सात मिनिटांत माणूस काय करू शकतो? एकदा जाऊन येऊ शकतो, झारी उचलू शकतो, दोन पिवळी पानं तोडू शकतो. बास.

मग ठरवलं की बाग सात मिनिटांची करायची. चाळिसाची नाही, आणि सरासरी काढून वीसचीही नाही. सरासरीच्या दिवशी झाडं मरत नाहीत, वाईट दिवशी मरतात.

एकदा हे ठरलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप झाले. पहिला निर्णय पाण्याचा. गेल्या वर्षीचा हिशोब मांडला तर २२ कुंड्या, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे ११ लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, तेव्हा मी रोज न्हाणीघरातून गॅलरीपर्यंत ११ किलो वाहून नेत होते, पाच लिटरच्या झारीने तीन खेपा. ऊन तापल्यावर दोन वेळा. बागकाम म्हणजे माती, बिया, फुलं असं आपण म्हणतो, पण कुंड्यांच्या बागेत निम्म्याहून जास्त काम हमालीचं असतं आणि ते पाण्याचं असतं. हे कोणी सांगत का नाही, कोण जाणे. म्हणून या वर्षी कुंड्या नऊच, आणि त्यातल्या मोठ्या चारांना पाणी वातीने खालून ओढू द्यायचं.

दुसरा निर्णय उन्हाचा, आणि तो मला सगळ्यात आवडला, कारण तो बसून करायचा होता. गॅलरी दक्षिणेला तोंड करून आहे आणि वर वरच्या मजल्याचा स्लॅब आहे. मी खडू घेतला आणि सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ऊन फरशीवर जिथपर्यंत येतं तिथे रेघ मारली. थंडीत बाराचं ऊन थेट दाराच्या उंबऱ्यापर्यंत येत होतं. दर रविवारी नवी रेघ. मार्चच्या २०-२१ तारखेला, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला, तीच रेघ जवळजवळ दोन फूट बाहेर, कठड्याकडे सरकलेली होती. सूर्य जसजसा डोक्यावर चढतो तसतशी स्लॅबची सावली गॅलरीत जास्त पडते. म्हणजे हिवाळ्यात बघून जी जागा मी टोमॅटोला देणार होते, ती ऐन फळं धरायच्या वेळी सावलीत गेली असती. गेल्या वर्षी टोमॅटोची नुसती पानंच का वाढत होती हे मला खडूच्या तीन रेघांनी सांगितलं.

फळभाजीला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन लागतं. पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं, आणि पुदिना तर अर्ध्या सावलीतही तक्रार करत नाही. तेव्हा कठड्यालगत टोमॅटो आणि मिरची, मधे मेथी-कोथिंबीर, आणि भिंतीच्या कोपऱ्यात पुदिना. झेंडूच्या दोन कुंड्या कठड्यावर अडकवलेल्या, त्या निव्वळ माझ्यासाठी. नऊमधली नववी कुंडी जादा होती, तिच्यात मुळा पेरायचं ठरवलं, कारण महिन्याभरात निकाल लागतो आणि मला तेवढाच धीर असतो.

तिसरा निर्णय स्टुलाचा. घरात एक गुडघ्याएवढं लाकडी स्टूल होतं, माळ्यावरचं सामान काढण्यापुरतं वापरलं जाणारं. ते गॅलरीत आणलं आणि बसून बघितलं की हात कुठपर्यंत पोहोचतो. कुंड्या जमिनीवर असतील तर वाकावं लागतं, आणि वाकून उठताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून प्लास्टिकचे भाजीचे क्रेट उलटे घालून त्यावर कुंड्या ठेवल्या, अशा की बसल्यावर कुंडीचा काठ कोपराच्या खाली येईल. खुरपं, कात्री आणि सुतळीचं बंडल एका पिशवीत घालून कठड्याला टांगलं. हे सगळं बालिश वाटेल, पण कात्री आणायला आत जाणं म्हणजे माझ्या सातातलं दीड मिनिट.

माती एका दिवसात भरायची नाही हे गेल्या वर्षीच शिकले होते. पहिल्या दिवशी फक्त कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट टबात टाकून वर पाणी ओतलं. ६५० ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते आणि ते काम ती स्वतः करते, आपण नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी ते पाणी पिळून पुन्हा एकदा धुतलं, कारण कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते मानवत नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन भाग कोकोपीट, एक भाग माती, एक भाग गांडूळखत असं टबात बसल्या जागी कालवलं. कोकोपीटमध्ये स्वतःचं पोषण जवळजवळ नसतं, तेव्हा खताचा भाग कमी करून चालत नाही. पण त्याचा मोठा गुण म्हणजे ते हलकं असतं. निव्वळ मातीने भरलेली ओली कुंडी मला जागची हलवता येत नाही. तरी नियम केलाच की कुंडी जिथे राहणार तिथेच ठेवायची आणि तिथेच भरायची, भरून मग उचलायची नाही.

एक गोष्ट इथेच सांगते. खतमातीची पिशवी उघडताना मी तोंडाला मास्क लावते आणि आधी पाण्याचा हबका मारते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा पिशव्यांवर लेजिओनेला नावाच्या जिवाणूबद्दल इशारा छापलेला असतो. कोरडी धूळ श्वासात गेली तर त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि आधीच अशक्त असलेल्यांना धोका जास्त. मी घाबरट नाही, पण आणखी एक आजारपण मला परवडणारं नाही.

आता वातींविषयी. मोठ्या कुंड्यांना स्वतः पाणी ओढून घेऊ द्यायचं, म्हणजे खाली पाण्याचा डबा, वर कुंडी, आणि कुंडीच्या भोकातून खाली पाण्यात लोंबणारी वात. समईत तेल चढतं तसं यात पाणी चढतं. कल्पना सोपी, पण वात कशाची करायची यावर माझे दहा दिवस गेले, आणि ते दहा दिवस मी मजेत घालवले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार ग्लास भरून ठेवले, प्रत्येकाशेजारी एक रिकामा ग्लास, आणि दोन्हींमध्ये पुलासारखी एकेक वात टाकली. नवी सुती दोरी, जुन्या टी-शर्टची पट्टी, सुतळी, आणि नायलॉनची विणलेली जाड दोरी. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, हे काय प्रयोगशाळा?" रात्री दोघींनी पैजा लावल्या.

टी-शर्टची पट्टी पाच मिनिटांत ओली झाली. नायलॉन मागून सावकाश आलं. सुतळीने पाणी तपकिरी केलं. आणि नवी कोरी सुती दोरी, जिच्यावर मी पैज लावली होती, ती तासभर कोरडीच्या कोरडी. तिच्यावर बहुतेक मेणासारखं काहीतरी असावं. सकाळी टी-शर्टचा ग्लास अर्धा भरलेला होता. मी मोठ्या खुशीत चार कुंड्यांना टी-शर्टच्या वाती लावल्या.

पाच आठवड्यांनी एका कुंडीखालचा डबा भरलेला आणि माती मात्र कोरडी ठक्क. वात ओढून बघितली तर मातीतला भाग काळा पडून हातात आला, चिखलात कुजलेल्या पानासारखा. सूत शेवटी सूतच, ओल्या मातीत ते कुजणार. पहिल्या दिवशी जिंकलेली वात हंगामाच्या मध्यावर हरली. मग चारही कुंड्यांना नायलॉन. भरलेल्या कुंडीतली वात बदलायची म्हणजे विणकामाच्या सुईने खालून दोरी वर ढकलायची, एका दिवशी एकच कुंडी. यात माझे चार चांगले दिवस खर्ची पडले. आधीच नायलॉन घातलं असतं तर? जाऊ दे.

वातीचे दोन-तीन बारकावे मात्र सांगण्यासारखे आहेत. वात आधी पाण्यात भिजवूनच घालायची आणि माती एकदा वरून पुरती भिजवायची, नाहीतर पाणी चढायला सुरुवातच होत नाही. डब्याचं तोंड पूर्ण झाकलेलं हवं, कारण डासाच्या अंड्याचा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात आणि आपण डासांचा कारखाना लावलेला नाही. आणि महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून खालचा डबा ओतून टाकायचा. पाणी सतत खालून वर येतं तेव्हा क्षार मातीच्या पृष्ठभागावर साठतात. पांढरी साय धरल्यासारखी दिसली की समजावं. एक फायदा असाही झाला की आता गॅलरीतून पाणी खाली गळत नाही. गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर माझी लाल माती उतरली होती, आणि त्यानंतर जिन्यात आमची नजरानजर होत नव्हती.

लहानपणापासून माझ्या डोक्यात आहे की बियांपासून वाढवलेलं तेच खरं. तो हट्ट या वर्षी अर्धा सोडला. टोमॅटोचं एक तयार रोप विकत आणलं, चेरी टोमॅटोचं. बी ते रोप हा सहा आठवड्यांचा सांभाळ दुसऱ्या कोणीतरी केलेला आहे, त्याचे पैसे द्यायला काय हरकत आहे? मेथी मात्र पेरली, ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि मन राखते. धणे लाटण्याने हलके रगडून दोन पाकळ्या वेगळ्या करून पेरले. धण्याच्या एका गोल दाण्यात मुळात दोन बिया असतात.

आणि मिरची. मिरची बियांपासूनच करायची होती, त्यावर मी अडून बसले. ओल्या कागदात गुंडाळलेल्या १४ बिया एका डब्यात, डबा फ्रिजच्या वर, कारण तिथे ऊब असते. मिरचीला अंकुरायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते, थंड मातीत ती हटून बसते. बाराव्या दिवशी चौदाच्या चौदा बिया फुटल्या. त्या चिमट्याने उचलून अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लावताना मी इतकी सावध होते, जणू घड्याळ दुरुस्त करत होते. ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. येता-जाता थोडं पाणी. येता-जाता. तेच चुकलं.

एका सकाळी बघते तर एक रोप आडवं. वाटलं, रात्री वाऱ्याने पडलं असेल. उचलून बघितलं तर पानं हिरवीगार, टवटवीत, पण देठ मातीला टेकतो तिथे चिमटीत धरून पिळल्यासारखा बारीक, पाणथळ, जवळजवळ पारदर्शक झालेला. वरचं रोप निरोगी आणि कमरेतून सुतासारखं. दुपारपर्यंत आणखी तीन आडवी झाली. दोन दिवसांत ११ गेली. याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतल्या बुरशीचं काम, आणि तिला हवं ते सगळं मी पुरवलं होतं: सतत ओली माती, बंद खिडकी, हलती हवा नाही. मरायला लागलेलं रोप बघून मी आणखी पाणी घातलं होतं, हे लिहिताना आजही लाज वाटते.

उरलेली तीन रोपं मी ताबडतोब वेगळ्या वाट्यांमध्ये हलवली. पाणी वरून बंद, वाटीच्या खालून बशीत, आणि तेही पंधरा मिनिटांनी ओतून टाकायचं. मातीचा वरचा थर कोरडा होऊ द्यायचा. समोर टेबल फॅन, सगळ्यात कमी वेगावर. तिन्ही जगली. मला हव्या होत्या दोनच.

त्यांना बाहेरच्या उन्हाची सवय लावायची हे माहीत होतं: पहिल्या दिवशी अर्धा तास सावलीत, मग रोज थोडं थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन. तिसऱ्या दिवशी मी त्यांना बाहेर ठेवून पडले आणि झोपच लागली. उठले तेव्हा तीन वाजले होते आणि पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे. ते चट्टे जात नाहीत. पण वरून येणारी नवी पानं चांगली आली आणि आठवड्याभराने जुन्यांकडे मी बघणं सोडून दिलं.

सगळं लावून झाल्यावर शेजारच्या काकू आल्या. काकूंच्या हाताला यश आहे, त्यांनी काडी खोचली तरी पालवी फुटते, आणि त्या रिकाम्या हाताने कधी येत नाहीत. या वेळी दोन कुंड्या घेऊन आल्या, एक जास्वंद आणि एक मोगरा. मोगऱ्याला कळ्या होत्या.

"अगं, एवढी मोकळी भिंत आहे की! इथे दोन सहज बसतील."

"काकू, गॅलरीत बसतील हो. माझ्यात नाही बसणार."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोगरा माझ्याकडेच ठेवते. फुलं आणून देईन. चालेल?" चालेल म्हणजे काय! नाही म्हणायला मला बागेतल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त ताकद लागली आणि त्या दिवशी वहीत मी तेही लिहिलं: नकार, एक, दहा मिनिटं.

परीक्षा एप्रिलच्या मध्यावर झाली. कुठल्याशा समारंभाला जाऊन आले आणि अपेक्षेप्रमाणे तिसऱ्या दिवशी कोसळले. पाच दिवस. सात मिनिटंसुद्धा नाहीत, शून्य. अशा दिवसांसाठी मी गॅलरीच्या दाराला आतून एक पुठ्ठा टांगून ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं: निळ्या खुणेपर्यंत चार डबे भर. पुदिन्याला एक तांब्या. बाकी कशाला हात लावू नकोस. शेवटचं वाक्य नवऱ्यासाठी होतं, कारण तो प्रेमाने सगळ्यांना पाणी घालतो आणि प्रेमाने झाडं बुडवतो. मुलीने दर दोन दिवसांनी डबे भरले. पुदिना एकदा विसरली. तो वाती नसलेल्या कुंडीत होता, त्याने पार मान टाकली, पण एक तांब्या मिळाल्यावर तासाभरात असा उभा राहिला की नाटक करत होता की काय अशी शंका यावी.

कोथिंबीर मात्र गेली, पण ती माझ्या आजारपणाने गेली नाही, उन्हाने गेली. ऊन तापलं की कोथिंबीर पानं सोडून फुलोऱ्यावर येते. पानं बडीशेपेसारखी बारीक होतात, मधून दांडा वर सुटतो आणि मग कापून उपयोग नसतो. वसंताच्या अगदी सुरुवातीला पेरली तरच तिला पुरेसे गार दिवस मिळतात. मी पंधरा दिवस उशीर केला. बारीक पांढरी फुलं आली, त्यांवर माश्या आणि कसकसले चिमुकले कीटक जमले, तेव्हा मी ती उपटली नाही. तशीच ठेवली.

त्या कीटकांचा उपयोगही झाला. टोमॅटोच्या शेंड्यांवर मावा पडला होता. हिरवा, टाचणीच्या डोक्याएवढा, कोवळ्या देठाला गच्च बिलगलेला, आणि त्याच्यामागोमाग मुंग्यांची रांग, कारण मावा गोड चिकट थेंब टाकतो आणि मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात. साबणाचं पाणी फवारायचं असतं हे ठाऊक होतं, लिटरभर पाण्याला चमचाभर सौम्य द्रवरूप साबण, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पण फवारणीच्या बाटलीचा घोडा वीस वेळा दाबला की माझी बोटं थरथरायला लागतात. म्हणून मऊ फडकं त्याच पाण्यात बुडवून शेंडे नुसते पुसून काढले, रोज तीनच. चौथ्या दिवशी पुसायला गेले तर पानावर एक काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचा प्राणी चालत होता, सुसरीचं पिल्लू कोणीतरी भाताच्या दाण्याएवढं केल्यासारखा. चिरडणारच होते. मग आठवलं की हे तर ठिपकेवाल्या लाल ढालकिड्याचं पिल्लू, आणि मावा हेच त्याचं जेवण. फडकं खाली ठेवलं. स्टुलावर बसून मी त्याला तीन मावे खाताना बघितलं. त्या दिवशीची सातही मिनिटं त्यातच गेली. पुढच्या आठवड्यात पुसायला फारसं काही उरलं नव्हतं.

टोमॅटोला फुलं आल्यावर एक बसल्या बसल्याचं काम मिळालं. त्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, परागकण आतल्या आत झडायला फक्त हलवणारं कोणीतरी लागतं, एरवी वारा किंवा गुणगुणणारी मोठी माशी. गॅलरीच्या कोपऱ्यात वारा बेताचाच. म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, हवा कोरडी झाली की, घोसाच्या देठाला बोटाने टिचकी मारायची. दोन टिचक्या पुरतात. फळ धरलं ते दिसायला लागतं: फूल सुकतं, पण गळत नाही, आणि त्याच्या मुळाशी हिरवी मोहरी फुगते.

मुळा २८ दिवसांत निघाला, त्यातला एक चक्क दोन पायांचा. मेथी दोनदा कापली. मिरचीच्या दोन्ही झाडांना आता फुलं आहेत, चट्टेवाल्या पानांसकट. झेंडूबद्दल बोलण्यासारखं काही नाही, तो कुठेही येतो आणि आला.

परवा काकू मोगऱ्याची फुलं घेऊन आल्या. मुळा निघून रिकामी झालेली नववी कुंडी त्यांना लगेच दिसली. म्हणाल्या, "यात काय लावतेस आता? माझ्याकडे वांग्याची रोपं तयार आहेत."

मी कुंडी रिकामी करून धुऊन ठेवली होती. ती उचलून स्टुलासमोर उलटी घातली आणि त्यावर पाय ठेवून बसले. बरोबर उंची होती.

"ही भरलेली आहे, काकू," मी म्हटलं.

त्या हसल्या, आत गेल्या, आणि स्वतःसाठी खुर्ची घेऊन आल्या.